औषधसेवा, दूरस्थ

रुग्ण प्रत्यक्ष समोर नसताना रुग्णालयाच्या औषधविभागाने दूरध्वनी, दृक्‌श्राव्य संपर्क वा संगणकीय नोंदी यांच्या साहाय्याने त्याच्या औषधयोजनेची तपासणी करणे, औषध बांधून त्याच्या घरी किंवा घरानजीकच्या ठिकाणी पोहोचविणे, ते कसे घ्यावे हे त्यास समजावून देणे आणि त्याच्या परिणामांचा मागोवा घेणे, या कार्यांस एकत्रितपणे ‘दूरस्थ औषधसेवा’ म्हणतात. दुकानातून मागविलेली औषधाची पुडी घरी आणून देण्याची प्रथा जुनी आहे. तीत वाहतूक असते, पण तपासणी व सल्ला असतोच असे नाही. दूरस्थ औषधसेवेत या तिन्ही गोष्टी अपरिहार्य मानल्या जातात. औषध ही इतर वस्तूंसारखी वस्तू नसून मात्रा, वेळ व इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया यांवर तिचा गुण किंवा अपाय अवलंबून असतो. त्यामुळे औषध जितके दूर जाते तितकी ते देणाऱ्याची जबाबदारी वाढते, हे या सेवेचे मूलतत्त्व होय.

या सेवेचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : (१) मोठ्या रुग्णालयातील औषधतज्ञाने (फार्मासिस्टने) दूरच्या लहान दवाखान्यातील औषधवाटपावर दृक्‌श्राव्य माध्यमाद्वारे देखरेख करणे, (२) मध्यवर्ती ठिकाणी रुग्णनिहाय पाकिटे बांधून ती टपालाने किंवा अन्य वाहनाने घरोघर पाठविणे, आणि (३) आरोग्यसेवक, स्वयंसेवक वा स्थानिक वितरणकेंद्र यांच्यामार्फत औषध रुग्णाच्या हाती देणे. भारतात तिसरा प्रकार सर्वांत रुजलेला आहे.

इतिहास : औषध घेणारा दूर आणि देणारा दूर, ही अडचण आधुनिक नाही. पूर्वी दवाखान्यातून मिश्रणाची बाटली घरी नेताना कंपाउंडर बाटलीच्या बाजूस कातरलेली कागदी पट्टी चिकटवीत असे. पट्टीच्या प्रत्येक खाचेपर्यंत एक मात्रा, असा तिचा अर्थ असे. निरक्षर रुग्णासही समजणारी ही सूचना म्हणजे देणाऱ्याचा सल्ला औषधाबरोबर घरापर्यंत नेण्याची साधी युक्तीच होती. भारतीय टपालखात्याने १८७७ मध्ये मूल्यदेय टपालाची (व्ही. पी. पी.) पद्धत सुरू केल्यावर टपालाने औषधे मागविणे सोयीचे झाले आणि वृत्तपत्रांतील जाहिराती वाचून औषधे मागविण्याची प्रथा वाढली. तीत औषध घरी येई, पण रुग्णास तपासणारा वा प्रश्नाचे उत्तर देणारा कोणी नसे. अतिशयोक्त जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम करण्यात आला.

सल्ला आणि औषध यांची सांगड घालणारी पहिली मोठी व्यवस्था ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागात निर्माण झाली. जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथे विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. ॲल्फ्रेड ट्रेगर यांनी तयार केलेल्या, पायाने चालविण्याच्या बिनतारी यंत्रामुळे दूरच्या पशुपालन केंद्रांना डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. १९४२ पासून अशा केंद्रांवर औषधपेट्या ठेवण्यात आल्या. सर्व पेट्यांतील औषधांना एकसारखे क्रमांक दिलेले असत. डॉक्टर बिनतारी यंत्रावरून औषधाचे नाव न सांगता क्रमांक सांगत आणि घरातील व्यक्ती त्या क्रमांकाची बाटली काढून सांगितलेली मात्रा देई. नावांचा घोटाळा टाळणे, साठा आधीच जवळ ठेवणे आणि निर्णय मात्र तज्ञाने घेणे, ही या पद्धतीतील तीन सूत्रे आजही उपयुक्त ठरतात.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यखात्याने १९९४ पासून टपालाने औषधे पाठविण्यासाठी यांत्रिक पद्धतीने पाकिटे बांधणारी मध्यवर्ती केंद्रे उभारली. त्या खात्याच्या बाह्यरुग्णांची बहुतांश औषधे आता अशा केंद्रांतून जातात. ग्रामीण औषधालये बंद पडू लागल्यामुळे नॉर्थ डकोटा राज्याने २००१ मध्ये दूरस्थ औषधवितरणाचे नियम केले. त्यांनुसार छोट्या गावातील प्रशिक्षित साहाय्यक औषध बांधतो आणि दूरच्या गावातील औषधतज्ञ ते पडद्यावर तपासून रुग्णाशी बोलतो. दक्षिण आफ्रिकेत २०१४ पासून दीर्घकालीन आजारांची औषधे मध्यवर्ती ठिकाणी बांधून रुग्णाच्या घराजवळील वितरणकेंद्रांत ठेवण्याची योजना राबविण्यात आली. रुग्णालयातील गर्दी व रुग्णाचा प्रवास ही दोन्ही कमी करणे, हा तिचा हेतू होता.

ब्रिटनमध्ये शिरेवाटे द्यावयाच्या पोषणद्रव्यांपासून सुरू झालेली घरपोच औषधसेवा पुढे संधिवात, कर्करोग इ. आजारांच्या महागड्या औषधांपर्यंत विस्तारली. इंग्लंडमध्ये पाच लाखांहून अधिक रुग्ण तिचा लाभ घेतात. तिच्या कारभाराची चिकित्सा करणारा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये ब्रिटिश उमरावसभेच्या समितीनेही या सेवेची चौकशी केली. औषध वेळेवर न पोहोचल्यास उत्तरदायी कोण, हे स्पष्ट नाही, असा तिच्या अहवालाचा रोख होता. स्पेनमध्ये काही औषधे केवळ रुग्णालयाच्या औषधविभागातूनच मिळतात. २०२० मधील कोविड-१९ च्या साथीत तेथील रुग्णालयांनी ही औषधे दूरध्वनीवरील सल्ल्यासह घरोघर पोहोचविली आणि दूरस्थ औषधसेवा अल्पावधीत सर्वत्र पसरली.

कार्यपद्धती : या सेवेतील टप्पे क्रमाने पुढीलप्रमाणे असतात. प्रथम औषधपत्राची (प्रिस्क्रिप्शनची) सत्यता व मुदत पाहिली जाते. नंतर औषधतज्ञ रुग्णाची इतर औषधे, मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती, गर्भावस्था, पूर्वीची ॲलर्जी इत्यादींशी ते ताडून पाहतो. शंका आल्यास तो डॉक्टरांशी संपर्क साधतो. स्वतः औषध बदलत नाही. तिसऱ्या टप्प्यात औषध बांधले जाते. पाकिटावर रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, वेळ, मुदत व संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक हे रुग्णाच्या भाषेत लिहिलेले असणे इष्ट असते. गोळ्यांची पट्टी कापून द्यावयाची झाल्यास नाव व मुदत छापलेला भाग रुग्णाकडे जाईल अशा रीतीने ती कापावी लागते. अन्यथा काही दिवसांनी घरात निनावी गोळ्या उरतात.

चौथा टप्पा वाहतुकीचा. यात पाकीट कोणी दिले, कोणी नेले व कोणी घेतले यांची नोंद ठेवली जाते. आजाराचे नाव बाहेरून कळणार नाही, याची दक्षता विशेषतः क्षयरोग, एच. आय. व्ही. संसर्ग व मनोविकार यांच्या औषधांबाबत घ्यावी लागते. लहान गावात पाकीट आणणारा ओळखीचा असतो, त्यामुळे ही दक्षता शहरापेक्षा गावात अधिक महत्त्वाची ठरते. पाचव्या टप्प्यात औषधतज्ञ रुग्णाशी बोलतो आणि सांगितलेले त्याच्याच तोंडून पुन्हा वदवून घेतो. ‘समजले का ?’ या प्रश्नास बहुतेक रुग्ण ‘होय’ म्हणतात. ‘सकाळी कोणती गोळी घ्याल?’ या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके असते. अखेरच्या टप्प्यात ठराविक दिवसांनी पुन्हा चौकशी केली जाते. उरलेल्या गोळ्या मोजणे, रक्तदाब वा रक्तशर्करेची नोंद घेणे, दुष्परिणाम विचारणे आणि पुढील पाकिटाची तारीख ठरविणे या गोष्टी तीत येतात. पुढील पाकीट आधीचा साठा संपण्यापूर्वी निदान एक आठवडा पोहोचावे, असा संकेत ठेवल्यास वाहतुकीतील अडथळ्यामुळे उपचार खंडित होत नाही.

दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही सरासरीने निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दाखवून दिले. औषध न मिळणे हे याचे एक कारण आहे. ते का घ्यावे हे न उमगणे, दुष्परिणामांची भीती आणि बरे वाटताच औषध थांबविणे ही इतर कारणे होत. घरपोच वाहतुकीने पहिले कारण दूर होते, उर्वरित कारणे केवळ संवादाने दूर होतात.

औषधांनुसार घ्यावयाची दक्षता : सर्वच औषधे या पद्धतीस सारखी अनुकूल नसतात. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सुलभपणे पाठविता येतात. न उघडलेले इन्शुलीन २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. ते गोठल्यास निकामी होते. म्हणून शीतपेटीत ते बर्फाला थेट लागू देत नाहीत. वापरात घेतलेली कुपी थंड, सावलीच्या जागी साधारणतः चार आठवडे चालते. शीतकपाट नसलेल्या घरात पाणी झिरपणाऱ्या मातीच्या भांड्यांचा उपयोग करता येतो, पण कुपी भिजू नये याची काळजी घ्यावी लागते.

इन्शुलीनबाबत भारतात आणखी एक धोका संभवतो. येथे कुप्यांमध्ये प्रत्येक मिलिलिटरला ४० एकके शक्तीचे, तर लेखणीसारख्या साधनाच्या नळकांड्यांत १०० एकके शक्तीचे इन्शुलीन मिळते. ४० एककांसाठी आखलेल्या पिचकारीने १०० एकके शक्तीचे इन्शुलीन घेतल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते आणि रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणून कुपी व पिचकारी यांची जोडी एकाच पाकिटात पाठविणे आणि शक्ती बदलल्यास रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणे आवश्यक ठरते.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास रक्तपेशींची निर्मिती दबून मृत्यूही ओढवू शकतो. अशा पाकिटावर ठरलेला वार ठळकपणे लिहितात. रक्त गोठण्यास विरोध करणाऱ्या वॉरफरिनची मात्रा रक्ततपासणीनुसार बदलते. तपासणीविना केवळ पाकिटे पाठवीत राहणे येथे घातक होय. पोटाच्या पोकळीतून घरीच केल्या जाणाऱ्या अपोहनात (डायलिसिसमध्ये) अडचण वजनाची असते. दोन लिटरच्या द्रावणाच्या तीन ते चार पिशव्या रोज लागत असल्याने महिन्याचा साठा सुमारे १८० ते २४० किग्रॅ. भरतो. तो वाडीपर्यंत नेणारा रस्ता आणि ठेवण्यास कोरडी जागा यांचा विचार उपचार ठरवितानाच करावा लागतो.

कायदेशीर स्थिती : भारतात औषधांची विक्री व वाटप औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व त्याखालील १९४५ चे नियम, तसेच फार्मसी अधिनियम, १९४८ यांनुसार होते. औषधपत्रावरील औषध नोंदणीकृत औषधतज्ञाने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे, आणि डॉक्टरांनी तसे लिहिल्याखेरीज त्याच औषधपत्रावर पुन्हा औषध देता येत नाही. महाराष्ट्रात या नियमांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. २०१५ च्या औषधव्यवसायविषयक विनियमांनी रुग्णास समुपदेशन करणे हे औषधतज्ञाचे कर्तव्य म्हणून नमूद केले.

हे मूळ नियम औषध दुकानाच्या फळीवरून हातात दिले जाते, असे गृहीत धरून केलेले आहेत. संगणकीय जाळ्यावरील विक्री वाढल्यावर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यासंबंधी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना होणाऱ्या अशा विक्रीस मनाई केली. कोविड-१९ च्या साथीत २६ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने परवानाधारक किरकोळ विक्रेत्यांना घरपोच औषध देण्याची अनुमती दिली. दीर्घकालीन आजारात औषधपत्र ३० दिवसांच्या आत व तीव्र आजारात ७ दिवसांच्या आत सादर केलेले असावे, रुग्ण विक्रेत्याच्याच महसुली जिल्ह्यात राहणारा असावा आणि गुंगीकारक, मनोव्यापारांवर परिणाम करणारी व ‘एच-१’ आणि ‘एक्स’ अनुसूचींतील औषधे वगळावीत, अशा अटी तीत होत्या. त्याच्या आदल्या दिवशी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. दूरसंपर्कावरून कोणती औषधे प्रथम भेटीतच, कोणती केवळ पाठपुराव्यात आणि कोणती मुळीच लिहून देऊ नयेत, हे त्यांत याद्यांद्वारे ठरविले आहे.

भारतातील प्रयोग : औषध रुग्णाच्या दारी नेण्याचा मोठा अनुभव भारतात कुष्ठरोग व क्षयरोग यांच्या निर्मूलनकार्यातून मिळाला. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाल्यावर बहुविध औषधोपचाराच्या, दिवसवार गोळ्या मांडलेल्या पट्ट्या वापरात आल्या. महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात हा उपचार आरंभीच्या काळातच राबविण्यात आला. अशी पट्टी हीच दिनदर्शिका ठरते. कोणत्या दिवसाची गोळी राहिली हे रुग्णास व सेवकास एका दृष्टिक्षेपात कळते.

१९९७ पासूनच्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात निरीक्षकासमोर औषध देण्याची (डॉट्स) पद्धत होती. अंगणवाडी सेविका, दुकानदार, शिक्षक अशी घराजवळील कोणीही विश्वासू व्यक्ती हे काम करू शके. प्रत्येक रुग्णाच्या नावे संपूर्ण उपचाराची पेटी आरंभीच राखून ठेवली जाई. त्यामुळे मध्येच साठा संपण्याची भीती उरत नसे. पुढे रोज घ्यावयाच्या संयुक्त मात्रेच्या गोळ्या आल्या. गोळी काढल्यावरच दिसणाऱ्या क्रमांकावर रुग्णाने विनामूल्य दूरध्वनी करावयाचा आणि त्यावरून गोळी घेतल्याची नोंद व्हावयाची, अशी युक्तीही भारतात योजण्यात आली. निरीक्षक समोर नसतानाही मागोवा घेण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय. दूरध्वनी केला म्हणजे गोळी गिळली असे मात्र निश्चितपणे म्हणता येत नाही.

तमिळनाडू शासनाने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळैत्‌ तेडी मरुत्तुवम्‌’ (लोकांच्या शोधात वैद्यकसेवा) ही योजना सुरू केली. महिला आरोग्य स्वयंसेविका घरी जाऊन रक्तदाब व मधुमेह तपासतात आणि औषधे देतात. या योजनेस २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृतिदलाचा पुरस्कार मिळाला. केरळमध्ये लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या परिहारक (पॅलिएटिव्ह) सेवेत परिचारिका घरी जाऊन दुःसाध्य रुग्णांची शुश्रूषा करतात व औषधे देतात. मॉर्फिनसारख्या औषधाच्या बाबतीत ही प्रत्यक्ष भेटच सुरक्षिततेची हमी असते.

दुर्गम भागांत चालकरहित विमानांचाही (ड्रोन) उपयोग करून पाहण्यात आला. रवांडात २०१६ पासून रक्तपिशव्या अशा विमानांनी पाठविल्या जात आहेत. तेलंगणातील विकाराबाद येथे सप्टेंबर २०२१ मध्ये औषधवाहतुकीचे प्रयोग सुरू झाले. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या गावी डिसेंबर २०२१ मध्ये कोविड-१९ च्या लसीच्या ३०० मात्रा विमानाने पोहोचविण्यात आल्या. लस, सर्पविषावरील प्रतिविष, रक्त यांसारख्या तातडीच्या व हलक्या वस्तूंसाठी हे साधन उपकारक आहे. दरमहाच्या गोळ्यांसाठी ते खर्चिक ठरते. शिवाय गोळ्या कशा घ्यावयाच्या हे सांगण्यास माणूस लागतोच.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील परिस्थिती : या सेवेची गरज आणि तीतील अडचणी यांचे बोलके चित्र दक्षिण कोकणात पाहावयास मिळते. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली त्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण २०११ मध्ये १,०३६ होते. कमावते पुरुष मुंबईत आणि वृद्ध आईवडील गावी, या चाकरमानी कुटुंबपद्धतीचे प्रतिबिंब या आकड्यांत पडले आहे. औषध आणावयास घरात दुसरे कोणी नसणे ही येथील अनेक घरांची नित्याची स्थिती होय.

कुडाळ तालुक्यातील कसाल हे गाव मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गावर (क्र. ६६) असून तेथून मालवणकडे जाणारा रस्ता फुटतो. जिल्ह्याचे मुख्य शासकीय रुग्णालय जवळच ओरोस (सिंधुदुर्गनगरी) येथे आहे आणि त्याच्याशी संलग्न शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये सुरू झाले. कसालनजीक पडवे येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. म्हणजे रुग्णालये महामार्गालगत, तर रुग्णांचा मोठा भाग खाडीकाठच्या व समुद्रकाठच्या वाड्यांत, अशी येथील रचना आहे. देवबाग, आचरा, मसुरे यांसारख्या गावांतील रुग्णास ओरोसला यावयाचे झाल्यास वाडीपासून थांब्यापर्यंत चालणे, मालवण वा कसाल येथे गाडी बदलणे आणि बाह्यरुग्ण विभागात थांबणे यांत सबंध दिवस जातो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य झाले. एस. टी. मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून विनामूल्य व स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली. औषध व प्रवास असे स्वस्त झाले तरी बुडालेली मजुरी, सोबतीस लागणारे माणूस आणि म्हाताऱ्या पायांचे कष्ट यांचे मोल कायम राहते. मग महिन्याची फेरी टळते, गोळ्या पुरवून पुरवून दिवसाआड घेतल्या जातात आणि अखेर पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका आल्यावर रुग्ण रुग्णालयात येतो. पन्नास कि.मी. चा प्रवास वाचला असता तर हा प्रसंग कदाचित टळला असता, हा येथील प्रश्नाचा गाभा आहे.

गुंतागुंतीच्या उपचारांसाठी जिल्ह्यातील अनेक रुग्ण गोव्यातील बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयात जातात. २०१८ च्या आरंभापासून तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले. अशा रुग्णाचे औषधपत्र एका राज्यातील आणि घर दुसऱ्या राज्यातील असते. घरपोच वितरणाची अनुमती एका महसुली जिल्ह्यापुरती ठेवल्यास उपचार करणारे रुग्णालय स्वतः औषध पाठवू शकत नाही. रुग्णाच्या जिल्ह्यातील औषधविभागाने ते औषधपत्र स्वीकारून पुढील जबाबदारी घ्यावी लागते. दोन रुग्णालयांतील नोंदींची देवाणघेवाण ही येथे वाहनापेक्षा अधिक निकडीची बाब ठरते.

दूरस्थ सल्ल्याचा अनुभव जिल्ह्यास नवा नाही. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि सिंधुदुर्ग, सातारा, लातूर, बीड व नंदुरबार येथील जिल्हा रुग्णालये यांना जोडणारा दूरवैद्यकाचा प्रकल्प २००७ च्या सुमारास सुरू झाला. तज्ञाचा सल्ला त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत आला. औषध घरी पोहोचविणे हा त्याचा भाग नव्हता. केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेने २०२० पासून घरबसल्या सल्ला मिळू लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून आरंभी निवडलेल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्गचा समावेश होता. ठरावीक औषधांचा सोपा क्रम, प्रत्येक रुग्णाचे उपचारपत्रक, महिन्याभराची औषधे एकदम देणे, ती घराजवळील उपकेंद्रातून मिळण्याची सोय करणे आणि न आलेल्या रुग्णास दूरध्वनी करणे ही या उपक्रमाची वैशिष्ट्ये होत. घरपोच सेवेचा पाया येथे आधीच घातलेला आहे, असे यावरून म्हणता येते.

या पायावर उभारावयाच्या साखळीचे दुवेही परिसरात उपलब्ध आहेत. ओरोस येथे पाकिटे बांधणे, कसालच्या फाट्यावरून ती मालवणच्या ग्रामीण रुग्णालयाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे नेणे, तेथील औषध निर्माण अधिकाऱ्याने ती तपासणे आणि आशा कार्यकर्तीने वा ग्रामीण डाकसेवकाने घरी देणे, असा क्रम योजता येईल. देशातील दीड लाखाहून अधिक टपालकचेऱ्यांपैकी बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. २०२० च्या टाळेबंदीत टपालखात्याने औषधे पोहोचविण्याचे कामही केले. एस. टी. च्या गाडीतून शहरातील नातेवाइकांनी औषधाची पुडी धाडणे कोकणात परिचित आहे. परंतु अशा पुडीबरोबर सल्ला येत नाही आणि ती हरवल्यास विचारणा कोणाकडे करावी हे ठरलेले नसते.

स्थानिक हवामानाचाही विचार अवश्य करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पावसात रस्ते व वीजपुरवठा खंडित होतात. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळाने सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील वीजवाहिन्यांची मोठी हानी केली. अशा वेळी शीतकपाटातील इन्शुलीनचे काय करावे, याची सूचना रुग्णास आधीच मिळालेली असावी लागते. मालवणजवळील सिंधुदुर्ग किल्ल्यावर काही कुटुंबे राहतात आणि पावसाळ्यात तेथील प्रवासी होडीवाहतूक बंद असते. अशा ठिकाणी मासिक पाकिटाऐवजी पावसापूर्वीच अधिक दिवसांचा साठा देणे श्रेयस्कर होय. दमट हवेत गोळ्या वेष्टनातून काढून डब्यात भरून ठेवल्यास त्या ओलावतात. म्हणून त्या मूळ वेष्टनातच ठेवण्यास सांगतात. पट्टीवरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तेव्हा पाकिटावर मराठीत ठळक लेखन, सकाळ-रात्र दर्शविणारी सूर्य-चंद्राची चित्रे आणि दूरध्वनीवर मालवणीत संभाषण यांचा उपयोग छापील पत्रकापेक्षा अधिक होतो.

गुणदोष : प्रवास व प्रतीक्षा यांची बचत, उपचारातील सातत्य, रुग्णालयातील गर्दी कमी होणे आणि साथीच्या काळात संसर्ग टळणे हे या सेवेचे लाभ होत. घरी जाणाऱ्या सेवकास रुग्णालयात न दिसणाऱ्या गोष्टीही दिसतात : उशाशी साठलेल्या जुन्या गोळ्या, दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेले एकच औषध, किंवा रिकामे शीतकपाट. दुसऱ्या बाजूस, रुग्णालयाची फेरी टळल्यामुळे शारीरिक तपासणीही टळण्याचा धोका असतो. म्हणून ठराविक काळाने प्रत्यक्ष तपासणी बंधनकारक ठेवावी लागते. ऐकू कमी येणारे, एकटे राहणारे वा विस्मरण झालेले रुग्ण दूरध्वनीवरील सेवेतून गळून पडतात आणि नेमकी त्यांनाच तिची गरज अधिक असते. आशा कार्यकर्तीवर मोबदल्याविना नवे काम लादल्यास ते फार काळ टिकत नाही. लहान गावातील औषधविक्रेता हा अनेकदा रुग्णाचा पहिला सल्लागार असतो. त्याला वगळून उभारलेली मध्यवर्ती व्यवस्था त्याचे दुकान बंद पाडू शकते, तर त्याला वितरणकेंद्र म्हणून सामावून घेणारी व्यवस्था अधिक बळकट होते.

निरनिराळ्या देशांतील अनुभवांवरून असे दिसते, की ज्या व्यवस्थेत प्रत्येक पाकिटामागे उत्तरदायी असा एक औषधतज्ञ नावानिशी ठरलेला असतो आणि रुग्णास त्याच्याशी बोलता येते, तेथे ही सेवा टिकून राहते. वाहन विमान असो, टपालाची पिशवी असो वा आशा कार्यकर्तीच्या खांद्यावरची झोळी असो, त्याने फारसा फरक पडत नाही. जेथे औषध निघाले पण त्याची जबाबदारी मागेच राहिली, तेथे घरपोच सेवा ही केवळ मालवाहतूक ठरते. दूरस्थ औषधसेवेचे मूल्यमापन किती पाकिटे गेली यावरून न करता, किती रुग्णांचा उपचार अखंड राहिला आणि किती चुका वेळीच पकडल्या गेल्या यांवरून करणे म्हणूनच अधिक उचित होय.